भुंगा आणि नीलवंत

लांकूड कोरणारा भुंगा मराठी वाचकांस नवा नाहीं. वाळकें लांकूड भेदणारा हा प्राणी नाजूक कळींत मात्र अडकून पडतो, असा दाखला ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायांत अर्जुनाच्या मोहासंबंधीं आला आहे. त्या भुंग्याची आम्हांस जवळून ओळख झाली ती अलिबागेजवळच्या नागांवीं, आमच्या घरीं. पडवीच्या वाशांना त्यानें बोट जाईल एवढीं वाटोळीं भोंकें पाडलीं असून खालीं रोज भुसा सांडतो. भोंकांत डांबर ओतावें, असा मातोश्रींचा हुकूम आहे.

अंगणांतील लिंबावर नीलवंत फुलपाखरूं आलें, कीं याच मातोश्री मुलांना हांका मारून बाहेर बोलावितात. काळ्या मखमलीवर फिकट निळा रंग ओतावा, तसे त्याचे पंख! मुरुडकडील फणसाडच्या जंगलांतही आढळणारा हा पाहुणा २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य-फुलपाखरूं ठरला.

आतां दोघांचा संसार पाहूं. भुंग्याची मादी लांकूड खात नाहीं. ती जबड्यांनीं तें कोरते, आंत पराग व मध यांचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडें घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढच्या खोलीच्या तयारीस लागते. नर या कोरीवकामांत पडत नाहीं. नीलवंताची मादी लिंबाच्या पानावर अंडें घालून उडून जाते. तिची अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पानांवर पोसते. फुलपाखराचें कौतुक करणारे हातच ही अळी खुडून टाकतात. एकाला वासा लागतो, दुसऱ्याला पानें. नुकसान दोघांकडूनही, शिक्षा मात्र रूप पाहून!

परतफेडीचा हिशेब निराळाच आहे. वांग्याच्या फुलांतील पराग नळीसारख्या कोशांत कोंडलेले असतात. भुंगा फुलाला बिलगून घुमूं लागला, कीं त्या थरथरीनें ते टोंकाच्या छिद्रांतून झडतात. हें काम नीलवंताच्या सोंडेला साधणारें नव्हे.

तेव्हां आम्ही एक तडजोड सुचविली आहे. वाशांतलीं पिलें उडून गेलीं, कीं वाशांना रंग द्यावा, कारण रंगविलेलें लांकूड भुंग्यास फारसें रुचत नाहीं. त्याच्यासाठीं परसांत वाळक्या बांबूचे तुकडे टांगावे. आणि लिंबाची एक फांदी अळीला सोडावी. मातोश्रींनीं अद्याप संमति दिलेली नाहीं. परंतु डांबराचा डबा कोपऱ्यांत तसाच आहे, आणि वांगीं फुलावर आलीं आहेत.