सिलिंडरची भिंत

रायपूरचा ग्रेट ईस्टर्न रस्ता तेलीबांधा तलावाला लागून जातो. तलावाच्या या काठाला आता मरीन ड्राइव्ह म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि सायंकाळी तेथे हवा खावयास येणाऱ्यांची दाटी होते. रस्त्याच्या मागील एका गल्लीत मोटारसायकली दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. गाड्या मात्र दुरून येतात, त्या मिस्त्रींच्या हातासाठी.

एका सकाळी तेथे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांचे घराणे मूळ नागपूरकडचे. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चाले, त्या काळात त्यांचे वडील इकडे आले आणि इकडचेच झाले. १९७४ साली वडिलांनी घेतलेली बुलेट आता निळसर धूर ओकू लागली होती. शिक्षकांच्या पिशवीत एक कोरा पिस्टन होता, मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा. सिलिंडरला पुन्हा बोअर मारावा आणि हा पिस्टन बसवावा, असे ते ठरवूनच आले होते. आयुष्यभर त्यांनी वर्गात 'दट्ट्या' हा शब्द शिकविला. येथे मात्र तेही पिस्टनच म्हणाले. पाठ्यपुस्तकाबाहेर दट्ट्या फारसा कधी हललाच नाही.

बुलेटचे हे जुने सिलिंडर बिडाचे. मूळ व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०; त्यातून ३४६ घनसेंटिमीटरचे आकारमान होते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून दोहोंमध्ये केसाएवढी फट राखावी लागते. झीज सर्वत्र सारखी होत नाही. जेथे वरची रिंग थांबून परत फिरते तेथे स्फोटाचा दाब सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. भिंत तेथेच अधिक खाल्ली जाते आणि तिच्यावर एक कंगोरा राहतो. शिवाय पिस्टन एका बाजूला अधिक रेलतो, त्यामुळे वर्तुळ हळूहळू लंबवर्तुळाकडे झुकते. यास्तव एकदा माप घेऊन भागत नाही. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी, अशी सहा मापे घ्यावी लागतात.

मिस्त्रींनी ती घेतली आणि खडूने फरशीवर लिहिली. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर ५० हा आकडा कोरलेला होता. म्हणजे वडिलांच्याच हयातीत सिलिंडर एकदा अर्ध्या मिलिमीटरने वाढविले गेले होते. त्यानंतरची झीज शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात जेमतेम चार भरली. पिस्टन मापात होता. धुराचे कारण थकलेल्या रिंगा आणि झडपेचे झिजलेले गाइड. बोअर मारावयाचा नाही, असे मिस्त्रींनी सांगितले.

शिक्षकांना हे रुचले नाही. काम अर्धवट होत आहे, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मिस्त्रींचा हिशेब निराळा होता. एक मिलिमीटर हे शेवटचे माप. तेथवर गेल्यानंतर पुढच्या खेपेस आत नवी नळी ठोकून बसविणे एवढेच उरते. कापलेले बीड परत येत नाही आणि गाडी तर अजून चालवावयाची आहे. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले आणि ते कामाला लागले.

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी हेच गोल भोक जगाला अडवून बसले होते. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कल्पना तयार होती, पण वाफ न गळू देणारे सिलिंडर कोणाला कोरता येईना. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने आपल्या यंत्रावर ते कोरून दिले, आणि पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, याचा वॉटच्या भागीदाराला, मॅथ्यू बोल्टनला, अपूर्व हर्ष झाला. तेवढ्या चुकीचे सिलिंडर आज या गल्लीत कोणी हातीही धरणार नाही.

आता होनिंग. जुनी भिंत आरशासारखी चमकत होती आणि शिक्षकांना ती चमक निर्दोषपणाची खूण वाटली. वस्तुतः दोष तोच होता. इतक्या गुळगुळीत पृष्ठभागावर तेल ठरत नाही आणि नव्या रिंगा त्यावर बसत नाहीत. ड्रिलला लावलेले तीन दगड मिस्त्रींनी तेलात भिजवून आत सोडले आणि फिरते ठेवून एका लयीत वरखाली नेले. लय मंद झाली तर रेघा आडव्या पडतात, घाई झाली तर उभ्या. पंधरा-वीस सेकंदांत आरसा नाहीसा झाला आणि एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या रेघांची बारीक जाळी उमटली. आता तेल राहील ते या रेघांतच. वडिलांच्या सिलिंडरावर ओरखडे उठताना पाहून शिक्षक मात्र क्षणभर मागे सरले.

यानंतरचे काम दिसावयास क्षुद्र, परंतु बहुतेक दुरुस्त्या तेथेच बिघडतात. दगडाची भुकटी रेघांत अडकून राहते. रॉकेलने ती निघत नाही, उलट खोल जाते. मिस्त्रींनी गरम पाणी आणि धुण्याची पावडर घेऊन ब्रशने सिलिंडर घासले, पुसले आणि लगेच तेलाचा हात फिरविला, कारण उघडे बीड काही मिनिटांतच गंजू लागते. मग पांढरे फडके आत फिरविले. ते राखाडी निघाले. पुन्हा पाणी, पुन्हा घासणे. चौथ्या वेळी फडके पांढरे निघाले. नवी रिंग आत सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट तपासली. सुमारे तीन दशांश मिलिमीटर भरली.

शिक्षकांनी कोरा पिस्टन त्याच्या तेलकट कागदात पुन्हा गुंडाळला आणि पिशवीत घातला. तो दुकानदाराला परत करावा की घरी जपून ठेवावा, हे त्यांचे अजून ठरत नव्हते.