आराम किती करायचा?

स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पोचलाय हे कळलं, आणि घरातले मला इकडची काडी तिकडे करू देईनात. सासूबाई ताट खाटेवर आणून द्यायच्या. "तू उठू नकोस गं," हे दिवसातून कितीदा तरी. सगळं मायेपोटीच, पण काही महिन्यांत मांड्या अशा वाळल्या की कमोडवरून उठायलाही कुणाचा तरी हात लागू लागला. यात आजार किती आणि खाटेचा प्रताप किती, मलाच कळेना.

डॉक्टरांच्या कानावर हे घातलं. त्यांनी एमआरआय पुन्हा नीट पाहिला, कुठलं हाड मोडण्याचा धोका किती ते ठरवलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिची सुरुवातच नकारांनी झाली: पाठीतून वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, उड्या नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षांचे सूर्यनमस्कार सुटले, त्याचं वाईट वाटलंच. उरलं ते साधं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे लावून दंड, ओटा धरून टाचा उचलणं आणि सोसायटीच्या आवारात चालणं. "काकू, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा," ती म्हणाली. ताप असला किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर सुट्टी. हाडात नवं दुखणं किंवा पायात बधिरपणा आला, तर सगळं थांबवून लगेच फोन.

थकव्याचं गणित मात्र उलटं निघालं. झोपून तो हटत नव्हता. जरा चालून आलं की दुपार बरी जायची. सासूबाईंना हे पटेना. मग मुलीनं त्यांना एक अभ्यास वाचून दाखवला, 2024 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेला. युरोपातले काही देश आणि ऑस्ट्रेलिया इथल्या, माझ्यासारखाच स्तनाचा कर्करोग पसरलेल्या 357 रुग्णांचा. 9 महिने देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचा थकवा इतरांपेक्षा कमी होता, जगणंही अधिक सुसह्य. तेव्हापासून त्याच मला चपला काढून देतात.

व्यायामानं माझा आजार बरा होणार नाही, तसं कुणी सांगितलंही नाही. रोज जमतं असंही नाही. पण न्हाणीघराची कडी आता मी आतून लावते. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर डॉक्टरांना 'व्यायाम केला तर चालेल का' एवढंच विचारू नका. 'या हाडांना झेपेल असा कोणता, आणि तो शिकवेल कोण' हे विचारा.