पिशवी गेली, नळी राहिली

ही गर्भनलिका. दवाखान्यात हिला नुसतं ‘नळी’ म्हणतात. डावी-उजवी अशा दोघी असतात. अंगानं जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर, पण तोरा मोठा. 1561 साली इटलीच्या गाब्रिएले फालोप्पिओनं तिचं वर्णन छापलं. आजही ती त्याचं नाव मिरवते.

भारी हावरी. बीजांडकोशातून बीज सुटलं की झालर पसरून उचलते. कधीकधी तर पलीकडच्या बाजूचंही. मग आतल्या बारीक लवींनी हळूहळू पुढे सारते. शुक्राणूची गाठही तिच्याच घरी पडते. तीन-चार दिवस फलित बीज ठेवून घ्यायचं आणि गर्भाशयाकडे पाठवायचं, एवढंच तिचं काम. पण कधी ती ते ठेवूनच घेते. गर्भाशयासारखं ताणायची ताकद नाही, म्हणून शेवटी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो.

गर्भाशयाची पिशवी काढल्यावर तरी गप्प बसावं? बीजांडकोश शाबूत असतील तर सासर उरलं नाही तरी हिची पाठवणीची लगबग चालूच! 1895 साली वेंडेलर नावाच्या डॉक्टरनं पिशवी काढल्यानंतर नळीत राहिलेल्या गर्भाची पहिली नोंद केली. नोंदी मोजक्याच, पण आहेत. कधी ऑपरेशनच्या दिवशीच फलित बीज नळीत मुक्कामाला असतं आणि कुणाला पत्ता नसतो. कधी काही वर्षांनी योनीच्या वरच्या टोकाला, शिवलेल्या जागी शुक्राणूला शिरता येईल अशी बारीकशी वाट राहिलेली सापडते. काही वेळा तर बाईसाहेब स्वतःच त्या टाक्यांतून खाली डोकावत असतात.

वेषांतरातही पटाईत. पोटात कळ आली की संशय अपेंडिक्सवर, मुतखड्यावर, नाहीतर टाक्यांवर. पाळी तर आधीच बंद, मग चुकणार काय? ‘पिशवी काढलीय’ म्हटलं की लघवीची साधी गर्भतपासणीही कुणाला सुचत नाही. अनुभवी डॉक्टरही इथे फसतात, त्यात नवल नाही.

अलीकडे पिशवीबरोबर नळ्याही काढायचा सल्ला सर्जन देतात. कारण मात्र वेगळं: बीजांडकोशाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कॅन्सर हिच्या झालरीत सुरू होतात.

तेव्हा पिशवी काढायचं ठरलं तर नळ्या ठेवणार की काढणार, हे आधी विचारा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढे कधी पोटात जोराची कळ आली, चक्कर आली, तर ते कार्ड घेऊन तडक दवाखाना गाठा. बीजांडकोश ठेवलेले असतील तर गर्भतपासणी करा म्हणून सांगायला लाजू नका.