सरकारी शिक्क्याचे वेडे सिनेमे

प्रमोद पतींचा 'आबिद' पाहिला नसेल तर आधी तो पाहून या, मग पुढचं वाचा. खरंच सांगतो, पाचच मिनिटांचा आहे. 1972 सालचा. चित्रकार, लेखक आणि 'ढब्बूजी'चे जनक आबिद सुरती एका खोलीत आहेत, आणि ती खोली रंगांनी माखत चालली आहे. माणूस चालत नाही, सरकतो. बसल्या जागेवरून उडी न मारता दुसरीकडे पोचतो. रंग आपल्या पायांनी आल्यासारखे भिंती बळकावतात. पहिल्यांदा पाहून झाल्यावर मी पुन्हा सुरुवातीवर गेलो, मग पुन्हा, आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून आणलं. आईनं विचारलं, "याची गोष्ट काय?" म्हटलं, गोष्ट नाहीच आहे, तीच तर मजा आहे!

यातली युक्ती ऐकायला सोपी आहे. माणसाला बाहुलीसारखं वापरायचं. एक पोज, एक फ्रेम. थोडं सरकायचं, पुन्हा एक फ्रेम. कॅनडात नॉर्मन मॅक्लरेननं 1952 मध्ये 'नेबर्स' याच तंत्रानं केला होता आणि त्याला ऑस्कर मिळालं. पण सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांच्या सात हजारांवर होतात. इतका वेळ एका माणसानं स्वतःला निर्जीव वस्तू करून घ्यायचं आणि पडद्यावर मात्र सगळ्यांत जिवंत दिसायचं! पती मूळचे ओडिशाचे, आणि बाहुलीपटांचे बादशहा यिर्झी त्रन्का यांच्या हाताखाली चेकोस्लोव्हाकियात शिकून आलेले. ते शिक्षण 'आबिद'च्या फ्रेमाफ्रेमांत दिसतं.

आणि आता खरा धक्का. हा सिनेमा कुणा बंडखोर टोळक्यानं उधारीच्या कॅमेऱ्यावर काढलेला नाही. निर्माता कोण? फिल्म्स डिव्हिजन, भारत सरकार!

फिल्म्स डिव्हिजन म्हटलं की एका पिढीला काय आठवतं ते ठाऊक आहे. मुख्य सिनेमाआधीचं ते न्यूजरील. धरणाचं उद्घाटन, पुराची पाहणी, मंत्र्यांच्या गळ्यातले हार, आणि वरून तो भारदस्त आवाज. तिकिटं हातात घेऊन लोक बाहेर समोसा खात उभे राहायचे, "अजून डॉक्युमेंटरीच चालू आहे" म्हणून. 1948 मध्ये सुरू झालेल्या या खात्याचे सिनेमे दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. परवान्यातच तशी अट होती. मुंबईच्या पेडर रोडवरच्या त्या आवारातून आठ हजारांहून जास्त चित्रपट निघाले. बरेचसे तुम्हाला वाटतात तसेच आहेत. पण साठच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरीच्या सुरुवातीपर्यंतचे काही बाहेर काढून पाहा. हे कुणी मंजूर केलं, कसं केलं आणि त्याची नोकरी कशी टिकली, असे प्रश्न पडत राहतात.

एक उत्तर आहे जाँ भावनगरी. युनेस्कोतून आलेला, मातीची भांडी घडवणारा, हौशी जादूगार असलेला हा माणूस 1965 ते 1967 या काळात फिल्म्स डिव्हिजनचा मुख्य सल्लागार होता. नव्या मुलांना त्यानं मोकळं सोडलं, बाहेरच्या कलावंतांना आत बोलावलं. एम. एफ. हुसेन यांच्या हाती कॅमेरा आला तो याच काळात. राजस्थानात फिरून त्यांनी केलेल्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'ला 1967 मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. (मला तो थोडा जास्तच देखणा वाटतो. हुसेनप्रेमींनी रागावू नये.)

दुसरं उत्तर माझं स्वतःचं आहे, आणि जितके सिनेमे पाहतोय तितकं ते पक्कं होत चाललंय. या मंडळींना गल्ल्याची चिंता नव्हती. थिएटर मिळणारच होतं, प्रेक्षक खुर्चीत होता, सिनेमात स्टार नव्हता, निर्मात्याचा मेहुणा हिरो व्हायला टपलेला नव्हता. प्रेक्षकाला खूश करायची सक्तीच उरली नाही की काय होतं, ते पाहायचं असेल तर पतींचाच 'एक्सप्लोरर' (1968) लावा. कृष्णधवल, जेमतेम सात मिनिटांचा. नाचणारी तरुण पोरं, प्रयोगशाळा, यंत्रं, देवाधर्माची चिन्हं, सगळं डोळ्यांवर आदळत राहतं. एकही शॉट धड थांबत नाही. कॅमेरा आत घुसतो, बाहेर फेकला जातो. आणि त्याखाली विजय राघव राव यांचं ध्वनिसंगीत! रविशंकरांचे शिष्य, नावाजलेले बासरीवादक. आणि इथे त्यांनी जे केलंय त्याला गाणं म्हणता येत नाही, गोंगाट म्हणवत नाही. हेडफोन लावून ऐका.

गंमत म्हणजे प्रचारपटांतही पती गप्प बसले नाहीत. त्याच वर्षीचा 'क्लॅक्सप्लोजन' कुटुंबनियोजनाचा संदेश देतो. हो, 'हम दो हमारे दो'च्या खात्यातला! फाइलवरचा विषय तोच, सही-शिक्का तोच, पण पडद्यावर धुडगूस पतींचा.

पतींवरून उतरलो तो थेट शास्त्रींवर येऊन पडलो. एस. एन. एस. शास्त्री. यांच्याबद्दल आपल्याला शाळेत, कॉलेजात, कुठेच कुणी का सांगितलं नाही? 'आय ॲम 20' (1967) ची कल्पनाच पाहा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली मुलं आता विशीची झाली आहेत, त्यांनाच विचारूया की देशाचं काय चाललंय. खेड्यातली, शहरातली, इंग्रजी झाडणारी, अडखळत बोलणारी. कुणाच्या डोळ्यांत मोठी स्वप्नं आहेत, कुणाला देशाचं काही पडलेलं नाही आणि तो ते तोंडावर सांगतो. सरकारी कॅमेऱ्यासमोर! वाढदिवसाचा गौरवपट मागवला असताना शास्त्रींनी ही धुसफूस आणून दिली, आणि खात्यानं ती स्वीकारली. आजच्या विशीतल्या मुलांना घेऊन असाच सिनेमा करायला कुणी धजेल का, हा प्रश्न त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यानंतर मनात येतो.

पुढच्या वर्षीचा त्यांचा 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' तर लघुपट करणाऱ्यानं स्वतःचीच केलेली उलटतपासणी आहे. सोळा मिनिटं. मी हे कशाला करतो, कोण पाहतं, यानं काय बदलतं, असे सवाल तुकड्यातुकड्यांनी, थट्टेनं, चिडून. पण याच शास्त्रींनी 1973 मध्ये 'अवर इंदिरा' केला. म्हणजे हे कुणी संत नव्हेत. नोकरदार होते, हुकूम पाळायचे, आणि हुकमांच्या फटीतून सिनेमा करायचे. मला ते त्यामुळे आणखी आवडतात.

मग तय्यब मेहतांचा 'कूडल' (1970). याची शिफारस जपून करतो. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल त्यात आहे, आणि तो पाहणं सोपं नाही. मेहतांच्या चित्रांत कोसळणारा बैल पुन्हा पुन्हा का येतो, हे ज्यांनी गॅलरीत उभं राहून स्वतःला विचारलं असेल, त्यांनी ही सोळा मिनिटं सोसावीत. आणि मणी कौल यांचा 'अरायव्हल' (1980)! मुंबईत माल येतो: भाजी, फळं, मेंढ्या. आणि मुंबईत माणसं येतात. कौल दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहतात. कुणी काही समजावून सांगत नाही, छाती बडवत नाही. बाजारात उतरणारी टोपली आणि नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर यांच्यामधलं अंतर तुमच्या डोळ्यांदेखत मिटत जातं. ज्या शहराबद्दल हजार गाणी लिहिली गेली, त्याच्याबद्दल इतकं थंड डोक्याचं काही मी पाहिलेलं नव्हतं.

सरकारी छपराबाहेरही त्याच दिवसांत उलथापालथ चालू होती, पेडर रोडपासून अगदी जवळ. चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' थाटलं: चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, सिनेमावाल्यांनी चित्रकारांशी भांडावं म्हणून. तिथे त्यांनी 'सिझिजी' केला, नुसत्या रेषा आणि भूमितीचा, आवाज अजिबात नाही. तरुण नलिनी मलानींनी तिथेच 'ड्रीम हाउसेस' केला. पदमसींचा 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' तर हरवलाच. त्याची एकुलती प्रत गेली ती गेली. पुढे 2016 मध्ये आशिम अहलुवालियांनी त्या हरवलेल्या सिनेमावर त्याच नावाचा सिनेमा केला.

आता थोडं भांडण. हल्ली हाती फोन असला की लघुपट होतो, आणि त्यातले पुष्कळ एकाच रोगानं आजारी असतात: शेवटचा धक्का. बारा मिनिटं आपल्याला गुंगवायचं, आणि शेवटच्या वीस सेकंदांत 'ती तर मेलेली होती!' दुसऱ्यांदा पाहायला उरतं काय? 'आबिद'मध्ये धक्काच नाही, म्हणून तो पन्नास वेळा पाहता येतो. दुसरा रोग म्हणजे लघुपट हे मोठ्या सिनेमाचं व्हिजिटिंग कार्ड समजणं. "सध्या शॉर्ट केलीय, पुढे फीचर करायचंय." अरे, पतींच्या पाच मिनिटांना दोन तास करून दाखव! त्यात एक मिनिट वाढवलं तरी फुगा फुटेल.

सगळेच असे नाहीत, हेही सांगतो. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' पाहा: घरात पिठाची गिरणी येते आणि तिची घरघर एका पोराच्या अख्ख्या दिवसावर पसरते. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' पाहा. शाळेसाठी आसुसलेलं ते पोर विसरता येत नाही. दोघांनी पुढे मोठे सिनेमे केले, पण हे लघुपट त्यांची पायरी वाटत नाहीत. ते आपल्या जागी पुरे आहेत.

आणि 'प्रायोगिक वगैरे आपल्याला कळत नाही' म्हणणाऱ्यांना मी एकच आठवण करून देतो. 'एक अनेक और एकता' तुम्हाला पाठ आहे ना? दूरदर्शनवर पाहून पाहून? तोही 1974 चा फिल्म्स डिव्हिजनचाच लघुपट. कल्पना विजया मुळ्यांची, रेखाटन आणि ॲनिमेशन भीमसेन यांचं. म्हणजे या कारखान्याच्या प्रेमात तुम्ही लहानपणीच पडलात, फक्त पत्ता ठाऊक नव्हता.

तर माझा क्रम असा: आधी 'आबिद', मग 'ट्रिप' (पतींचाच, 1970 चा, मुंबईला भिंगरी लावणारा), मग 'एक्सप्लोरर', 'आय ॲम 20', 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स', 'अरायव्हल', आणि छाती घट्ट करून शेवटी 'कूडल'. सगळे मिळून दीड तासाच्या आसपास. शनिवारी रात्री कोणता सिनेमा लावायचा यावर घरात जितका वाद होतो, त्याहून थोडाच जास्त वेळ. मी 'एक्सप्लोरर'ला पहिला नंबर देतो, माझा मित्र 'अरायव्हल'वर अडून बसलाय, आणि आईनं परवा कुणी न विचारता 'आबिद' पुन्हा लावायला सांगितला. तुमचं मत काय ते पाहून ठरवा, पण पाहा!