दुधात पाणी, फ्रेंचमध्ये

सुप्यात माझं दूध संकलन केंद्र आहे. फॅट, डिग्री आणि लिटर, एवढ्या शब्दांवर माझं भागतं. पुतणी पुण्यात अकरावीला गेली आणि मार्क चांगले पडतात म्हणून तिनं फ्रेंच घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत तिचं पाठांतर घ्यायला दुसरं कोणी रिकामं नव्हतं, म्हणून पुस्तक माझ्या हातात आलं. पहिल्याच पानावर तक्ता: अं, युन, दे, ल, ला, ले. "काका, ही आर्टिकलं. इंग्रजीतल्या 'द'सारखी." इंग्रजीतलं 'द' तरी मला कुठं कळलं होतं? सूर्य एकच म्हणून 'द सन', एवढ्यावर मी दहावी काढलेली.

नामांना लिंग असतं म्हटल्यावर मात्र मी सरसावून बसलो. त्यांच्याकडं दोन, आपल्याकडं तीन; इथं तरी आपण वरचढ! ल पुल्लिंगी, ला स्त्रीलिंगी, ले दोन्हींचं अनेकवचन. साखर? "ला," मी ठोकून दिलं. निघालं ल स्युक्र, पुल्लिंगी. ऊस? "ल." तर तो तिकडं बाई, ला कान. आपलं नपुंसक दूध तिकडं ल ले झालं. पण 'ले' तर अनेकवचनाचं आर्टिकल ना? तेही ले आणि दूधही ले. स्पेलिंग वेगळं, माझ्या कानाला एकच. जन्म दुधात गेला आणि दूध ओळखता येईना.

मग देफिनी आणि अँदेफिनी. वहीत मी त्यांचं 'ओळखीचं' आणि 'बिनओळखीचं' असं करून टाकलं. आमच्या गावाला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. तिथं कुठलासा एक चिंकारा दिसला तर युन गाझेल. पुढच्या वाक्यात तोच पळाला की ला गाझेल. आता तो ओळखीचा. मराठीत असली कटकट नाही, असं मी म्हणतोय तोवर दूध घालायला एक जण आला. "गाईला शोधतोय, दावं तोडून गेली." मागं हाच माणूस "गाय शोधतोय" म्हणत होता, तेव्हा त्याला गाय विकत घ्यायची होती, चांगली कुठलीही. म्हणजे कटकट आपल्याकडंही आहे, फक्त शेपटाला. फ्रेंचमध्ये विकत घ्यायची ती युन वाश, दावं तोडलेली ती ला वाश. त्यांचा ला आणि आपला ला एकच, असा शोध मी लगेच जाहीर केला. "मग बैलाचं काय?" पुतणी म्हणाली. आपण बैलालाही ला लावतो. फ्रेंच बैलाला ल लागतं. शोध तिथंच संपला.

तिसरा प्रकार पार्तितिफ. याला मराठी शब्द सुचेना, म्हणून लिहिलं: 'न मोजलेलं थोडं'. दूध, पाणी, पीठ असल्या वस्तूंसाठी. मी दूध विकतो, ज वां द्यु ले. जगातलं सगळं दूध काही मी विकत नाही, त्यातलं काही विकतो, म्हणून द्यु. माप सांगितलं की नुसतं द: अं लित्र द ले, एक लिटर दूध. संपलं तरी द: पा द ले. हे मला झटकन पटलं. काट्यावर आकडा दिसत असताना 'थोडं' कोण म्हणतं? आणि कॅन रिकामा असेल तर 'थोडं' उरलंच कुठं? नकार आला की द, असा नियम मी ठोकला. "मग 'मला दूध आवडत नाही' म्हणा." मी द लावला आणि आपटलो. तिथं ल तसाच राहतो: ज नेम पा ल ले. नावड पेलाभर दुधाची नसते, दूध या जातीचीच असते.

पाण्याला द लो. पाणी स्त्रीलिंगी, पण पुढं स्वर आला की ला मधला आ गळतो, त्यामुळं आर्टिकलवरून लिंग कळायची सोय नाही. आमचा पट्टा जिरायती, जनाई-शिरसाई सिंचन योजनेचं पाणी कधी सुटतंय याकडं सगळ्यांचे डोळे. म्हणून पाण्याचं एक वाक्य पाठ करायचं ठरलं. तिनं सांगितलं, इल या द लो दां ल ले. पाणी न मोजलेलं, दूध समोरचं, ओळखीचं. संध्याकाळची रांग लागलेली, माझ्या हातात लॅक्टोमीटर आणि तोंडात हे वाक्य. एका म्हाताऱ्या आजोबांनी अर्थ विचारला. पुतणीनं तो मोठ्यानं सांगितला: दुधात पाणी आहे. तेव्हा नेमकं आजोबांचंच दूध तपासायला घेतलं होतं. फॅट 3.5 आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन घटक, 8.5 भरेपर्यंत ते माझ्याकडं रोखून बघत होते. त्याच रात्री मी नकार पाठ केला: इल न्या पा दो दां ल ले.

एवढं करून माझा स्वतःचा धंदा सांगायचा तर आर्टिकलच नाही! ज स्वी लेतिए, मी दूधवाला, बस. मध्ये 'चांगला' घातलं तर मात्र अं लागतं. ते मी अजून घातलेलं नाही.

तुम्हाला शिकायचं असेल तर सुटा शब्द पाठ करू नका, आर्टिकलसकट करा. वाश नव्हे, ला वाश. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. फ्रेंच शिकायला तिकडं जा, माझ्याकडं फक्त दूध घेऊन या.