छपरावरील सूर्य आणि विजेचें बिल

पृथ्वीचें रक्षण व्हावें असें कोणास वाटत नाहीं? शाळेंत असतांना आम्हीं 'वृक्षांचें महत्त्व' या विषयावरचे निबंध किती तपासले याची मोजदाद नाहीं. ते लिहिणारे कित्येक विद्यार्थी आज घरेंदारें बाळगून आहेत. पैकीं ज्यांनीं छपरावर सौर फलक बसविले त्यांस आम्हीं कारण विचारून पाहिलें. प्रत्येकानें आधीं बिलाचा आंकडा सांगितला. पृथ्वीचें नांव निघालें तें चहा झाल्यावर!

यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं अर्थास पुरुषार्थांत धर्माच्या शेजारींच बसविलें आहे. जानेवारी २०१५ मध्यें केंद्र सरकारनें 'उजाला' योजना काढली. तत्पूर्वीं सरकारास घाऊक खरेदींतहि ३१० रुपयांस पडणारा एलईडी दिवा पुढें चाळिसांच्या आंत आला. साठ वॉटच्या जुन्या दिव्याचें काम नऊ वॉटचा नवा दिवा करूं लागला, आणि जुने दिवे निमूटपणें माळ्यावर गेले. त्यासाठीं कोणास निबंध लिहावा लागला नाहीं.

सौर फलकांची गोष्ट मात्र इतकी सोपी नाहीं. तेथें रक्कम एकदम घालावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलें. एका किलोवॉटास सुमारें शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, व दिवसाकांठीं सरासरी चार युनिटें वीज मिळते.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं येथें थोडें थांबून हिशेब करावा. महावितरणचे दर पायऱ्यांनीं चढतात: १०० युनिटांपर्यंत स्वस्त, ३०० पर्यंत महाग, पुढें ५०० पर्यंत त्याहून महाग. एका मीटरवर तीन बिऱ्हाडें नांदतात, तेथें माणशीं खर्च बेताचा असूनहि घर वरच्या पायरीवर जाऊन बसतें. छपरावरची वीज हीं महागडीं युनिटेंच आधीं वांचविते. आमच्या सूनबाईंनीं हें गणित वर्षभराचीं बिलें पुढें घेऊन मांडलें, आणि कागदावर कोणास दोष काढतां येईना.

अडचण निघाली ती निराळीच. सौभाग्यवतींनीं विचारलें, "आणि पापड-कुरडया कोठें वाळत घालावयाच्या?" प्रश्न रास्त होता, गच्चीचा पूर्वेकडील कोपरा वाळवणास राखून ठेवला. दुसरा प्रश्न कोणी उघड विचारला नाहीं. फलकांची हमी पंचवीस वर्षांची. तोंवर घर एकत्र राहील काय? पैसे दोन्ही भावांचे, उद्यां वांटणी झाली तर फलक कोणाचे? दोन दिवस घरांत जरा जपूनच बोलणें चाललें होतें. तिसऱ्या दिवशीं धाकटे बंधु म्हणाले, "दादा, विहिरीस पैसे घालतांना वडिलांनीं हा विचार केला नव्हता." त्याच दिवशीं अर्ज गेला.

शेजाऱ्यांचा प्रभाव मात्र आम्ही कमी लेखीत होतों असें नाहीं. बोलिंजर व गिलिंगहॅम या संशोधकांनीं २०१२ सालीं कॅलिफोर्नियांतील घरांविषयीं दाखवून दिलें आहे कीं, एका छपरावर फलक चढले म्हणजे त्या भागांत इतरांचीहि ते घेण्याची शक्यता वाढते. आमच्या आळींतहि आतां महिन्यांतून दोघेतिघे जिना चढून येतात, फलकांस हात लावून पाहतात आणि खालच्या आवाजांत विचारतात, "बिल खरेंच किती आलें?"

नातवास मात्र वीज फुकट वाटूं लागली. रिकाम्या खोलींत पंखा फिरूं लागला. तेव्हां सूनबाईंनीं त्यास नवा मीटर दाखविला, त्यावर घेतलेलीं व दिलेलीं युनिटें निरनिराळीं दिसतात. आतां तो रोज संध्याकाळीं दिलेल्या युनिटांचा आंकडा वहींत टिपतो, आणि आंकडा वाढावा म्हणून आमचाहि पंखा बंद करून जातो. आषाढांत चार दिवस आभाळ होतें, तेव्हां त्यानें वही उघडलीच नाहीं.