‘ऊटा आतेन्री?’

गोष्ट २०१३ सालची. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं, आणि तेही कधी येईल याचा नेम नसे. ज्याच्या घरी कुणी नाही, त्याची पिंपं कोरडी. माझ्या घरी कुणीच नसायचं. मी धारवाडच्या एका कार्यालयात नोकरीला आणि मुलगा पहिलीत. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी मूळची नगरची, आताच्या अहिल्यानगरची. मराठी ख्रिस्ती घरात वाढले. रात्री जेवणं उरकली की बाबा पवित्र शास्त्र वाचायचे, आई गीत धरायची. लग्न होऊन हुबळीला आले ती कानडी घरात. सासरची मंडळी जुन्या बासेल मिशनच्या वळणाची. १८३७ साली ते मिशन धारवाडला आलं आणि १८३९ साली हुबळीला. त्यामुळे आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना कानडीत आणि निजतानाची मराठीत, असा रिवाज पडला.

यजमान गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, “देवरु अदान, चिंती माडब्याडरी.” मी मान डोलवायची. मनात मात्र राग यायचा. देव आहे, कबूल. पण पोराला ताप आला तर रजेचा अर्ज कोण देणार? पहाटे तीनला पाणी आलं तर कोण उठणार? देवळात बसले तरी शेजारची रिकामी जागा तेवढी दिसायची. हळूहळू निजतानाची मराठी प्रार्थना बंद पडली. मुलगा एकटाच हात जोडायचा आणि मी अंधारात छताकडे बघत पडायची.

शेवटी ठरवलं, मुलाला नगरला भावाकडे ठेवायचं. तिथे माणसं आहेत, पाणी आहे. रेल्वेची दोन तिकिटंही काढली. मुलाला अजून सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कार्यालयात उशीर झाला. बस नवनगरच्या पुढे वाहतुकीत अडकली. घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजून गेले. शेजारच्या अज्जींचं दार उघडं होतं. मुलगा जेवून त्यांच्या मांडीवर झोपला होता. आमच्या दारातली दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. दुपारी पाणी आलं, तेव्हा अज्जींनी सुनेला हाताशी घेऊन भरून ठेवलं होतं. अज्जी लिंगायत, रोज इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा न घेणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “ऊटा आतेन्री?”

जेवलात का? आपल्याकडे हा प्रश्न येताजाता विचारतात. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांत सगळ्यांनी मला धीर दिला होता. मी जेवले की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून रडले. अज्जींनी ताटात भाकरी आणि एणगाई वाढली आणि मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

रात्री कितीतरी दिवसांनी पवित्र शास्त्र उघडलं. उत्पत्तीच्या पुस्तकातली हागारेची गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती. घराबाहेर काढलेली, एकट्या लेकराची आई. मसकेतलं पाणी संपतं. पोराचं मरण बघवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवते आणि दूर जाऊन बसते. देव तिच्याशी बोलतो तेव्हा आधी विचारतो की तुला काय झालं. मग तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर नव्याने खणली, असं तिथे लिहिलेलं नाही. मी ती दोन पिंपं आठवली. आणि पोराला दूर ठेवायला निघालेली मीही आठवले.

तिकिटं रद्द केली. पण जी आई पोराला दूर ठेवते, तिला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शिकण्या-शिकवण्यासाठी त्यांना लेकीला काही काळ वॉन्टेजच्या भगिनींकडे ठेवावं लागलं. तीच मनोरमा मोठी होऊन केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली. गुलबर्ग्यात मुलींची शाळा निघाली, तिथेही तिने काम केलं. १९२१ साली ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, पण बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं केलं. देव जवळ असला म्हणजे दुःख टळतं, असं त्यांच्या आयुष्याकडे बघून कुणाला म्हणवणार नाही. मलाही म्हणवत नाही. रिकामी जागा रिकामीच राहिली. त्या जागेसकट मला कुणी पाहतं आहे, एवढं मात्र त्या रात्रीपासून कळलं.

आता मुलगा धारवाडच्या कॉलेजात जातो. आमची निजतानाची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, ती आजवर चालू आहे. त्यात अज्जींचं नाव रोज असतं. त्या आता थकल्यात, ऐकूही कमी येतं. संध्याकाळी चिगरी बसमधून उतरला की मुलगा आधी त्यांच्या दारात थांबतो. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारतो, “अज्जी, ऊटा आतेन्री?”

मी स्वयंपाकघरात ते ऐकते आणि माझे हात क्षणभर आपोआप जोडले जातात.